पीसीटी वाढला, लॅक्टेट उतरलं: मग पेशंट सुधारतोय की बिघडतोय?

प्रश्न निफाडकडच्या एका गृहस्थांचा आहे. थोडक्यात असा: वडील ६४ वर्षांचे, मधुमेह, मेटफॉर्मिन चालू. थंडी वाजून ताप आला, कंबर दुखू लागली, दुसऱ्या दिवशी असंबद्ध बडबड सुरू झाली आणि बीपी लागेना. नाशिकला आयसीयूत दाखल केलं. डाव्या मूत्रनलिकेत खडा अडकून किडनीत पू साचला होता, त्याच रात्री डीजे स्टेंट (मूत्रनलिकेतून लघवीची वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी) टाकला. प्रोकॅल्सिटोनिन, म्हणजे पीसीटी (जिवाणूंच्या मोठ्या संसर्गात रक्तात वाढणारा पदार्थ), पहिल्या दिवशी ४८, दुसऱ्या दिवशी ६१. लॅक्टेट (पेशी साखर फोडतात तेव्हा साचणारा पदार्थ) ५.२ होतं, ते २.६ झालं. क्रिएटिनिन २.१ वरून २.९ वर. सीआरपी (अंगातली सूज दाखवणारा पदार्थ) गावच्या लॅबमध्ये ३१, इथे ३२४. फाइलवर ‘सिव्हिअर सेप्सिस, सेप्टिक शॉक’ (म्हणजे संसर्गामुळे अवयव बिघडलेत आणि बीपी कोसळलंय) असं लिहिलंय, आणि डॉक्टर म्हणतात, “थोडी सुधारणा आहे.” मुलाचं म्हणणं: चारपैकी तीन आकडे वाढले, मग सुधारणा कसली? शेजारच्या बेडवरच्या माणसाचा पीसीटी फक्त ६ होता, तो गेला. मग ६१ वाल्याचं काय? मुंबईला हलवावं का? आयएल-६ (संसर्गात रक्तात वाढणारा आणखी एक रेणू) ची टेस्ट करून घ्यावी का?

तुमच्या वडिलांना मी पाहिलेलं नाही, फाइलही पाहिलेली नाही. त्यामुळे ते वाचतील का, हे मी इथून सांगणार नाही. ते त्यांच्या उशाशी उभे असलेले डॉक्टरच सांगू शकतात. पण तुमच्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे. रिपोर्ट एक सांगतो, डॉक्टर दुसरंच सांगतात, तर खरं कुणाचं धरायचं? भेटीच्या वेळी आयसीयूच्या दाराशी हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच, हातात मोबाइल आणि त्यात लॅबने पाठवलेली पीडीएफ. याचं उत्तर मात्र देता येतं.

चारही आकडे एकाच रक्तातून आले असले तरी ते एकाच वेळेबद्दल बोलत नाहीत. लॅक्टेट गेल्या काही तासांचं सांगतं. पीसीटी कालचं सांगतो. सीआरपी त्याच्याही मागे असतो. आणि क्रिएटिनिन किडनीला मार बसून गेल्यावरही एक-दोन दिवस वर चढत राहतं, मग किडनी आतून सावरायला लागलेली का असेना. त्यामुळे पहिल्या ४८ तासांत लॅक्टेट उतरतंय आणि बाकीचे चढतायत, हे चित्र आम्ही सुधारणाऱ्या पेशंटमध्ये नेहमी पाहतो. उलट चित्र, म्हणजे सीआरपी छान उतरतोय आणि लॅक्टेट चढतंय, दिसलं तर मी जेवणाचा डबा बंद करून बेडपाशी जातो.

आता एकेक आकडा, पण सगळ्यांना सारखा वेळ देण्यात अर्थ नाही.

सीआरपीचं लवकर संपतं. गावच्या लॅबचे ३१ आणि इथले ३२४ यांत दहापटीची वाढ नाही, एककाचा फरक आहे. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. ३१ ला दहाने गुणा, ३१० होतात. म्हणजे दोन्ही रिपोर्ट जवळपास एकच गोष्ट सांगतायत. पीडीएफमध्ये आकड्याच्या पुढे बारीक अक्षरात एकक छापलेलं असतं, ते आधी बघा आणि मग घाबरा. सीआरपी लिव्हरमध्ये तयार होतो, वर जायला दीड-दोन दिवस घेतो, आणि ऑपरेशन, मार, सूज कशानेही वाढतो. आजच्या निर्णयासाठी मी त्याच्याकडे फारसं बघत नाही.

लॅक्टेट जास्त कामाचं आणि जास्त फसवं. शॉकमध्ये पेशींना ऑक्सिजन पुरत नाही म्हणून ते वाढतं, असं आम्हाला शिकवलेलं. ते अर्धंच खरं आहे. आणीबाणीत शरीर स्वतःचं ॲड्रिनलिन सोडतं, त्याच्या माऱ्याने स्नायू इतक्या वेगाने साखर फोडतात की ऑक्सिजन असूनही लॅक्टेट साचतं, आणि ते साफ करणारं लिव्हर नेमकं तेव्हाच मंदावलेलं असतं. वरून ॲड्रिनलिनचं इन्फ्युजन चालू असेल, झटके आले असतील, सिऱ्होसिस असेल, किंवा किडनी बसलेली असताना मेटफॉर्मिन अंगात उरलं असेल, तरी आकडा फुगतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत शेवटचं कारण शक्य आहे. ५.२ मधलं थोडं मेटफॉर्मिनचं असू शकतं. गोळी बंद आहे ना, एवढं विचारून घ्या. आयसीयूत ती बंद केलेलीच असते.

शिवाय सॅम्पल कसं घेतलं, हाही मोठा भाग. दंडाला पट्टा आवळून बराच वेळ शीर शोधली, पेशंटला मूठ आवळायला लावली, की लॅक्टेट वाढून येतं. साध्या बल्बमधलं, म्हणजे सॅम्पलच्या नळीतलं, रक्त तासभर काउंटरवर पडून राहिलं तर लाल पेशी त्या बल्बमध्येच साखर फोडत बसतात, आणि मशीनला जे लॅक्टेट सापडतं त्यातलं बरंचसं पेशंटच्या अंगात कधी नव्हतंच. म्हणून आम्ही धमनीतून हेपरिन लावलेल्या सिरिंजमध्ये रक्त घेतो आणि काही मिनिटांत एबीजी, म्हणजे रक्तातले वायू मोजणाऱ्या, मशीनला लावतो. लॅबला पाठवायचंच असेल तर फ्लोराइडचा, राखाडी टोपणाचा बल्ब, आणि तोही लगेच. इथेही एककाचा घोळ आहे. मिलिमोल हे एकक असेल तर २ पर्यंत ठीक धरतात. मिलिग्रॅममध्ये तेच १८ च्या आसपास दिसतं. उद्या एखाद्या रिपोर्टवर लॅक्टेट २३ दिसलं तर दचकू नका, ते तुमचे आजचेच २.६ असतील.

एवढं सगळं असूनही तुमच्या चार आकड्यांतला मला सगळ्यात दिलासा देणारा आकडा हाच आहे, कारण तो निम्म्यावर आला. दोन मोजण्यांत किती तासांचं अंतर होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. एका दिवसाच्या आतलं असेल असं धरतो. सेप्टिक शॉकच्या २०१६ च्या व्याख्येत लॅक्टेट मुद्दाम घातलंय: सलाइन पुरेसं देऊनही सरासरी बीपी ६५ वर ठेवायला बीपी चढवणारं, म्हणजे आमच्या भाषेत प्रेशरचं, औषध लागतंय आणि लॅक्टेट २ च्या वर आहे, अशा पेशंटांमध्ये हॉस्पिटलातलं मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांहून जास्त आढळलं. वाईट वाटेल, पण हा आकडा तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. मात्र त्या गर्दीत न्यूमोनियावाले, आतडं फुटलेले, कॅन्सरवाले, तीन दिवस उशिरा पोचलेले असे सगळे आहेत. अडकलेल्या खड्यामुळे झालेला सेप्सिस, तोही त्याच रात्री स्टेंट पडून वाट मोकळी झालेला, हा त्या गर्दीतला तुलनेने बऱ्या बाजूचा पेशंट. (फाइलवरची ‘सिव्हिअर सेप्सिस’ ही पायरी २०१६ मध्येच व्याख्येतून काढली गेली, सवयीने आम्ही अजून लिहितो.)

लॅक्टेटबरोबर मी बोटही बघतो. पेशंटच्या तर्जनीच्या पेरावर काचेची स्लाइड दाबायची, पेर पांढरं पडू द्यायचं, दहा सेकंद दाब ठेवायचा, सोडायचं आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तीन सेकंदांपेक्षा जास्त लागला तर त्वचेला रक्त पुरत नाहीये. २०१९ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या आयसीयूंमधून आलेल्या ॲन्ड्रोमेडा-शॉक या चाचणीत एका गटाचा उपचार लॅक्टेटकडे बघून चालवला, दुसऱ्याचा या बोटाकडे बघून. २८ दिवसांत लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के दगावले, बोटाच्या गटात ३४.९ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक थोडक्यासाठी उतरला नाही, तेव्हा बोट श्रेष्ठ असं म्हणता येत नाही. पण फुकटची तपासणी मशीनपेक्षा कमी पडली असंही कुणाला म्हणता आलं नाही, आणि तेव्हापासून आमच्याकडे स्लाइड ट्रॉलीवरच असते.

आता ज्याने तुमची झोप उडवलीय तो पीसीटी. एरवी हा थायरॉइडमध्ये बनतो आणि तिथेच त्याचं कॅल्सिटोनिन होऊन जातं, रक्तात जवळपास काहीच उतरत नाही. जिवाणूंचा मोठा संसर्ग झाला की लिव्हर, फुप्फुसं, चरबी, सगळीकडून तो बनू लागतो; १९९३ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं. संसर्गानंतर चारेक तासांत तो चढू लागतो, १२ ते २४ तासांत माथ्यावर पोचतो, आणि कारण दूर झालं की साधारण दिवसाला निम्मा होत उतरतो. किडनी मंद असेल तर उतार आणखी सावकाश.

हे वेळापत्रक तुमच्या वडिलांना लावून पाहा. पहिलं सॅम्पल दाखल करताना घेतलं, म्हणजे चढ चालू असताना. मग रात्री स्टेंट. तुंबलेल्या, पू भरलेल्या किडनीत तार सरकवताना थोडे जंतू रक्तात ढकलले जातातच, म्हणून तर स्टेंटनंतर काही तास अशा पेशंटांना हुडहुडी भरते. दुसरं सॅम्पल सकाळी. ते ६१ नसतं आलं तरच मला आश्चर्य वाटलं असतं. दुसऱ्या दिवशीच्या या वाढीवरून मी काहीच निष्कर्ष काढत नाही, आणि खरं सांगायचं तर या प्रकारात दुसऱ्या दिवशी पीसीटी मागवतही नाही. महागडी टेस्ट आहे, पैसे नातेवाइकांच्या खिशातून जातात, आणि उत्तराने उपचार बदलत नाही.

शेजारच्या बेडच्या ६ चं म्हणाल, तर पीसीटीची उंची कोणता जंतू आणि तो कुठे बसलाय यावर फार ठरते. लघवीच्या मार्गातले ग्रॅम-निगेटिव्ह (ई-कोलायसारखे) जंतू रक्तात उतरले की पीसीटी ५०, १०० असा सहज जातो, आणि वाट मोकळी झाली की झरझर खाली येतो. उलट न्यूमोनियात, बुरशीच्या संसर्गात, किंवा एका जागी कोंडलेल्या गळवात तो कमीच राहतो आणि पेशंट मात्र खोल जातो. त्या गृहस्थांना काय झालं होतं मला माहीत नाही. पण त्यांचे ६ आणि तुमचे ६१ एका तागडीत तोलता येत नाहीत. वाढलेला पीसीटी म्हणजे जिवाणूच, असंही नाही. मोठं ऑपरेशन, भाजणं, हृदय बंद पडून पुन्हा सुरू होणं, फॅल्सिपॅरम मलेरिया, यांतही तो वाढतो. पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टो, स्क्रब टायफस आणि साधा न्यूमोनिया एकाच वॉर्डात असतात, तेव्हा फक्त पीसीटीवर भिस्त ठेवणारा डॉक्टर हमखास गोंधळतो. म्हणूनच २०२१ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे पीसीटीवर ठरवू नका. बंद कधी करायचं हे ठरवताना मात्र त्याची मदत घ्या.

त्याची खरी परीक्षा चौथ्या दिवशी. अमेरिकेतल्या बऱ्याच आयसीयूंनी मिळून केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये आला. सुरुवातीच्या पीसीटीत चौथ्या दिवसापर्यंत ८० टक्क्यांहून जास्त घट झाली त्यांच्यात २८ दिवसांतले मृत्यू साधारण १० टक्के, आणि घट झाली नाही त्यांच्यात साधारण २० टक्के. म्हणजे धोका दुप्पट. आता तेच वाक्य दुसऱ्या बाजूने वाचा: ज्यांचा पीसीटी हवा तसा उतरला नाही, त्यांच्यातलेही दर पाचांतले चार जण महिन्याभरानंतर हयात होते. गटाबद्दल खरं असलेलं विधान एका माणसाच्या बाबतीत किती कमी सांगतं, ते इथे दिसतं. हा आकडा बघून मी कधीही नातेवाइकांना “आता आशा नाही” असं सांगितलेलं नाही, आणि “आता काळजी नाही” असंही नाही.

एकच खात्रीचा आकडा का सापडत नाही? शोधायचं कुणी बाकी ठेवलेलं नाही. ब्रुसेल्सच्या ज्याँ-लुई व्हिन्सेंट यांनी सहकाऱ्यासोबत २०१० मध्ये सेप्सिसवरचे अभ्यास गोळा केले, तेव्हा १७८ बायोमार्कर, म्हणजे आजाराची खूण म्हणून मोजायचे पदार्थ, मोजून झालेले होते. २०२० मध्ये पुन्हा पाहिलं तर २५८. प्रिसेप्सिन, प्रो-ॲड्रिनोमेड्युलिन, एसयूपीएआर, अँजिओपोइटिन, काय हवं ते. गटात बघितलं तर यांतले बरेच जण वाचणारे आणि दगावणारे यांच्यात फरक दाखवतात. एकट्या पेशंटच्या बेडपाशी निर्णय बदलेल इतका पक्का एकही नाही. कारण सेप्सिस हा एक आजार नाहीच. दिंडोरीच्या बागेत काम करणाऱ्या बाईचा लेप्टो, अंबडच्या कारखान्यातल्या तरुणाचा न्यूमोनिया, पायाच्या जखमेतून चिघळलेला मधुमेह आणि तुमच्या वडिलांचा खडा, या सगळ्यांवर आम्ही एकच शिक्का मारतो. त्यात पुन्हा सुरगाण्याहून आलेला पेशंट किती तासांनी पोचला, पू काढायला जागा होती का, कल्चरमध्ये (लॅबमध्ये जंतू वाढवून केलेल्या तपासणीत) सापडलेल्या जंतूवर औषध चालतंय का, वय काय, हृदय कसं, यावर निकाल ठरतो, आणि यातलं काहीही त्या बल्बात नसतं.

म्हणून मी जे बघतो ते स्वस्तातलं आहे. प्लेटलेट, बिलिरुबिन, क्रिएटिनिन, ऑक्सिजन, भान आणि बीपी: या सहा गोष्टींना प्रत्येकी ० ते ४ गुण द्यायचे, की सोफा स्कोअर होतो, २४ पैकी. एका दिवसाचा स्कोअर ठीकच; दोन-तीन दिवसांत तो कुठे सरकतोय ते महत्त्वाचं. प्लेटलेटबद्दल एक सांगून ठेवतो. त्या आणखी एक-दोन दिवस उतरतील, घरात कुणीतरी पपईच्या पानांचा रस आणेल. नको. संसर्ग आवरला की त्या आपोआप वळतात, आणि त्या वळल्या की आम्ही बरेच निर्धास्त होतो.

क्रिएटिनिनपेक्षा लघवी विचारा. बेडच्या कडेला लटकलेल्या पिशवीच्या वर चौकोनी मापाचं भांडं असतं, सिस्टर दर तासाला त्यातला आकडा चार्टवर लिहितात. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलीच्या वर होत असेल, आणि तेही लॅसिक्सच्या (लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या) टेकूशिवाय, तर २.९ चं क्रिएटिनिन मी शांतपणे बघतो. स्टेंटनंतर लघवी लालसर दिसेल, त्याने घाबरू नका.

प्रेशरचं औषध, म्हणजे बहुतेक वेळा नॉरॲड्रिनलिन, किती कमी झालं, हेही विचारा, पण सिरिंज पंपावरचा आकडा स्वतः वाचून नव्हे. पंपावर तासाला किती मिली ते दिसतं. काल १२ होता आणि आज ६ झाला, तर डोस निम्मा झाला असेल. किंवा सिस्टरने औषध दुप्पट दाट भरलं असेल आणि डोस तोच असेल. नातेवाईक काचेतून हा आकडा बघून पेढे आणायला निघालेले मी पाहिलेत. डॉक्टरांना सरळ विचारा: “नॉरॲड्रिनलिनचा डोस कालपेक्षा कमी आहे का?” हो असेल, लॅक्टेट उतरत असेल, लघवी होत असेल आणि वडील तुम्हाला ओळखत असतील, तर तुमच्या डॉक्टरांचं “थोडी सुधारणा” अगदी मोजून म्हटलेलं आहे.

मुंबईचं. हलवायचं की नाही हे पीसीटीवर ठरत नाही, इथे काय नाही यावर ठरतं. डायलिसिसची सोय, युरोलॉजिस्ट, गरज पडली तर किडनीत बाहेरून नळी टाकणारा रेडिओलॉजिस्ट, आणि रात्री आयसीयूत जागा असलेला डॉक्टर. नाशिकमध्ये हे मिळतं. तुमच्या हॉस्पिटलमध्ये यातलं एखादं नसेल तर गावातल्या गावात हलवणं हाही पर्याय आहे. प्रेशरच्या औषधावर असलेल्या माणसाला कसारा घाट उतरवून न्यायचं, तर वाटेत पंपाची बॅटरी, ऑक्सिजन, ट्रॅफिक आणि सोबतच्या डॉक्टरचा अनुभव या चारही गोष्टी धड असाव्या लागतात. इथे नसलेल्या आणि तिथे मिळणाऱ्या गोष्टीसाठी तो धोका पत्करावा, आकड्याच्या भीतीपोटी नको.

आयएल-६ नको. कोविडमध्ये ही टेस्ट घराघरात पोचली, कारण तिथे त्या रेणूला अडवणारं औषध काही पेशंटांना खरंच उपयोगी पडलं. जिवाणूंच्या सेप्सिसमध्ये आयएल-६ हजारात आला तरी आम्ही उद्या काही वेगळं करणार नाही. तो भराभर चढतो, भराभर उतरतो, आणि तोवर तुमचे पैसे गेलेले असतात.

पीसीटी पुन्हा करायचा तो चौथ्या दिवशी. तो १२-१५ च्या आसपास आला तर उत्तम. किडनीमुळे थोडा वर राहिला आणि पेशंट सुधारत असेल तरी चालेल. पण तो ५० च्याच घरात अडकला, ताप चालू आहे, प्रेशरचं औषध सुटत नाही, तर त्याचा अर्थ “वडील वाचणार नाहीत” असा लावू नका. त्याचा अर्थ: पू कुठेतरी अजून कोंडलेला आहे किंवा औषध जंतूला लागू पडत नाहीये. तेव्हा डॉक्टर परत सोनोग्राफी किंवा सीटी करतील, स्टेंट जागेवर आहे का, किडनीभोवती गळू झालंय का ते बघतील, आणि कल्चरचा अंतिम रिपोर्ट समोर ठेवून अँटिबायोटिक बदलतील. आपल्याकडे लघवीतले ई-कोलाय बऱ्याच नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, त्यामुळे दाखल करताना घेतलेल्या ब्लड आणि युरिन कल्चरचा रिपोर्ट तुमच्यासाठी पीसीटीपेक्षा मोलाचा आहे. तो साधारण दोन-तीन दिवसांत येतो. उद्या सकाळच्या राउंडला तोच आधी विचारा.